विद्यानगरीचा रिकामा गाभारा
(हंपीच्या यात्रेस जाणाऱ्यांसाठी)

पंढरीचा पांडुरंग विजयनगरच्या राजाने आपल्या राजधानीत नेला आणि श्रीभानुदासमहाराजांनी तो परत आणला, ही कथा ऐकली नाही असा माळकरी विरळा. कथेतला तो रत्नहार, तो सूळ, सुळाला फुटलेली पालवी, हे सारे कीर्तनात इतके रंगते की ती विद्यानगरी आहे कुठे आणि तिथे आज काय उरले आहे, हे विचारायचे कुणाला सुचतच नाही. आता मात्र आपल्याकडचे पुष्कळ लोक हंपीला जातात. राजवाड्यांचे चौथरे पाहतात, किल्ल्याचे तट पाहतात, विरूपाक्षाचे दर्शन घेतात आणि शेवटी विठ्ठलमंदिरात येतात. तिथे गाभारा रिकामा. मग मंडळींतला कोणीतरी जाणता म्हणतो, "रिकामा असणारच! देव आपले भानुदासमहाराज घेऊन गेले ना!" सगळे माना डोलावतात आणि पुढे चालू लागतात.

हे म्हणणे खरे आहे काय? एवढा एकच प्रश्न मनाशी धरून आपण हंपीची यात्रा करू. प्रश्न धरून गेले म्हणजे दगडही बोलू लागतात, नाहीतर नुसती पायपीट व्हायची.

हंपी कर्नाटकात, तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर आहे. जवळचे मोठे गाव होसपेट. तिथून हंपी सुमारे १३ किलोमीटर. आपल्या बाजूने जाणाऱ्याला सोलापूर, विजापूर करून जाता येते. हरिहर आणि बुक्क या भावांनी १३३६ च्या सुमारास राज्य स्थापले असे मानतात. पुढे सव्वादोनशे वर्षे ही दक्षिणेची राजधानी होती. आपल्या जुन्या ग्रंथांत हिलाच विद्यानगर म्हटले आहे. १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत हिचे नाव आहे.

पहिल्या दिवशी सकाळी विरूपाक्षाकडे जावे. हंपीत अनेक मोठी मंदिरे आहेत, पण अखंड पूजा चालू असलेले थोरले मंदिर हेच. राजधानी वसण्याच्या आधीपासून इथे शिवाची उपासना आहे. विजयनगरचे पहिले राजे आपल्या दानपत्रांवर स्वतःच्या नावाची सही न करता 'श्रीविरूपाक्ष' अशी अक्षरे घालीत. राज्य देवाचे आणि आपण त्याचे कारभारी, असा त्यातला भाव. पूर्वेचे गोपुर सुमारे ५० मीटर उंच आहे. आतला रंगमंडप कृष्णदेवरायाने आपल्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने बांधला; त्याचा लेख १५१० च्या सुमाराचा आहे. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या छिद्रातून गोपुराची उलटी सावली पडते, ती मुलांना जरूर दाखवावी. चमत्कार म्हणून दाखवू नये, प्रकाशाचा धडा म्हणून दाखवावी. सूर्यकिरण सरळ जातात म्हणून वरचे टोक खाली येते, एवढे मुलाला कळले तरी पुरे.

तिथून हेमकूट टेकडी चढून पलीकडे उतरले की कृष्णमंदिर लागते. लोक ते बाहेरूनच पाहून पुढे जातात. आपल्या प्रश्नासाठी मात्र हे फार महत्त्वाचे. कृष्णदेवरायाने ओरिसाच्या गजपती राजाकडून उदयगिरीचा किल्ला जिंकला. त्या किल्ल्यातली बाळकृष्णाची मूर्ती त्याने राजधानीत आणली आणि तिच्यासाठी हे मंदिर बांधून १५१५ मध्ये तिची स्थापना केली. ही हकीकत सांगणारी शिळा मंदिराच्या आवारात उभी आहे. राजाने आपल्या सोन्याच्या नाण्यावरही बाळकृष्ण घातला. आज ती मूर्ती इथे नाही. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे. गाभारा इथलाही रिकामाच.

आता यातून आपण काय घ्यायचे? एक तर हे, की जिंकलेल्या प्रदेशातला देव सन्मानाने उचलून आपल्या नगरीत आणणे ही त्या राजाची रीत होती. त्यामुळे त्याने पंढरीची मूर्ती नेली, या परंपरेला अशक्य म्हणायचे कारण राहत नाही. दुसरे असे, की त्याने जेव्हा असे केले तेव्हा ते लपविले नाही. उलट शिळेवर कोरून ठेवले. या दोन्ही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. पुढे लागतील.

कृष्णमंदिराजवळच नरसिंहाची प्रचंड मूर्ती आहे, ६.७ मीटर उंच, एका दगडातली, १५२८ सालची. लोक तिला उग्रनरसिंह म्हणतात. पण नीट पाहा. देवाच्या पाठीवर एक नाजूक हात आहे. तो लक्ष्मीचा. ती मांडीवर बसलेली होती, ती फोडली गेली, आणि एवढा एक हात राहिला. उग्र म्हणून ज्याच्यापुढे आपण बिचकतो तो खरा लक्ष्मीनरसिंह आहे.

दुपारी राजवाड्यांकडे वळावे. इथे पुष्कळांची निराशा होते. "राजवाडा कुठाय?" म्हणून विचारतात. राजवाडा पायाखाली आहे! दगडी चौथरे, खांब बसविण्याच्या खाचा, पायऱ्या, एवढेच राहिले आहे. वरचे सारे काम लाकडाचे होते, ते जळून गेले. पेस नावाचा पोर्तुगीज १५२० च्या सुमारास इथे आला होता. त्याने राजाच्या वाड्यातली एक खोली पाहिली. तिच्या भिंती आणि खांब हस्तिदंताचे, आणि खांबांच्या माथ्यावर हस्तिदंताचीच कोरलेली गुलाबाची व कमळाची फुले. त्या खोलीचा आज टवकासुद्धा दिसत नाही. महानवमीचा दिब्बा मात्र आहे. दिब्बा म्हणजे उंच चौथरा. नवरात्रात राजा त्यावर बसून उत्सव पाही. त्याच्या बाजूंवर हत्ती, घोडे, शिकारी, नर्तकी, घोड्यांचे परदेशी व्यापारी असे थरावर थर कोरले आहेत. शेजारची पायऱ्यांची पुष्करणी तर मातीखाली गाडलेली होती, १९८० नंतरच्या उत्खननात ती वर आली. तिच्या काळ्या दगडांवर कोणता दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या दिसतात. गवंडीकाम करणारा कोणी बरोबर असेल तर तो तिथून लवकर हलत नाही.

राजवाड्यांच्या मधोमध हजार राम मंदिर आहे, राजघराण्याच्या खास उपासनेचे. त्याच्या भिंतींवर सारे रामायण ओळीने कोरले आहे, तीन पट्ट्यांत, मंदिराला फेऱ्या घालीत वाचायचे. प्रदक्षिणा घालता घालता कथा वाचून होते. कमळ महाल, हत्तींच्या अकरा घुमटी पागा यांवर मी वेळ घालविणार नाही, त्यांची चित्रे सगळीकडे आहेत. मात्र त्यांच्या कमानी आणि घुमट पाहून ठेवावेत. त्या मुसलमानी धाटणीच्या आहेत. राजाच्या सैन्यात मुसलमान सरदार होते आणि त्यांची मशीदही नगरीत उभी होती. 'हिंदूंचे राज्य सुलतानांनी बुडविले' एवढ्या एका वाक्यात १५६५ चे युद्ध बसविणारांनी ही इमारत जरा निरखून पाहावी.

किल्ल्याबद्दल थोडेच सांगतो. १४४३ मध्ये इराणचा वकील अब्दुर रझाक इथे आला, त्याने एकात एक सात तट लिहिले आहेत. आज सातही मोजता येत नाहीत. जे उभे आहेत त्यांत दगड एकमेकांत पाचरीसारखे बसविले आहेत, चुना नाही. जिथे डोंगर होता तिथे डोंगरालाच तट केले. तटाआतून काढलेल्या जुन्या कालव्यांपैकी काही आजही भाताला आणि केळीला पाणी देतात. वाडे गेले, कालवे राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठावे. विरूपाक्षाकडून विठ्ठलमंदिराकडे नदीकाठाने एक वाट जाते, दोन किलोमीटरच्या आसपास. मोटारीने दुसरीकडून जाता येते, शेवटच्या टप्प्यात विजेवर चालणाऱ्या गाड्याही आहेत. म्हाताऱ्या, दुखणाईत माणसांनी तसे जावे. बाकीच्यांनी पायी जावे. वारकऱ्याला हे सांगायला नको. वाटेत चक्रतीर्थावर कोदंडराम आहे, वर व्यासरायस्वामींनी स्थापलेला यंत्रोद्धारक हनुमान आहे, सुग्रीवाची म्हणून दाखवितात ती गुहा आहे. रामायणातली किष्किंधा ती हीच, अशी इथली श्रद्धा. पुढे नदीत उतरल्यासारखा एक साधा दगडी मंडप दिसतो. तो पुरंदरदासांचा मंडप.

इथे बसावे. घाई करू नये. पुरंदरदास म्हणजे कानडी हरिदासांचे मुकुटमणी. आधी श्रीमंत सावकार, पुढे सर्वस्व सोडून चिपळ्या घेऊन भिक्षेला निघालेले. त्यांचे गाव आपल्या पुण्याजवळचे पुरंदर असेही काही सांगतात, कर्नाटकातलेच असेही सांगतात. तो वाद आपण सोडून देऊ. व्यासरायस्वामी त्यांचे गुरू. परंपरेने त्यांचा काळ १४८४ ते १५६४ असा धरतात. त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी 'पुरंदरविठ्ठल' ही मुद्रा येते. त्यांच्यामागून आलेल्या हरिदासांच्या मुद्राही विजयविठ्ठल, गोपाळविठ्ठल, जगन्नाथविठ्ठल अशाच. ज्ञानोबारायांनी विठ्ठलाला कानडा म्हटले ते उगीच नव्हे.

मंडपातून उठले की डावीउजवीकडे न रेंगाळता, वाटेतली राजाची तुला तेवढी पाहून, विठ्ठलमंदिरात यावे. मंदिराचे वर्णन किती करू? समोर दगडी रथ. पन्नास रुपयांच्या नव्या नोटेवर जो आहे तोच. तो खरे म्हणजे रथ नाही, गरुडाचे देऊळ आहे, देवासमोर हात जोडून असलेल्या गरुडाचे. त्याच्यावर पूर्वी विटांचे शिखर होते. १८५६ मध्ये घेतलेल्या छायाचित्रात ते दिसते. पुढे मोठा मंडप, त्याचे खांब वाजतात म्हणून प्रसिद्ध आहेत. वाजवून पाहायला आता मनाई आहे आणि ती योग्यच आहे. शेकडो वर्षे लोकांनी टिचक्या मारून त्यांची झीज केली. मंडपातून आत अंधार, गाभाऱ्याभोवती खाली उतरून जाणारी प्रदक्षिणेची वाट, आणि मध्ये रिकामी जागा.

आता आपला प्रश्न.

भानुदासमहाराज पैठणचे, नाथमहाराजांचे पणजोबा. त्यांचा जन्म १४४८ चा आणि समाधी शके १४३५, म्हणजे १५१३ ची, असे सामान्यतः मानतात. कृष्णदेवराय गादीवर आला १५०९ मध्ये. तेव्हा मूर्ती नेणारा राजा कृष्णदेवराय असेल, तर नेणे आणि परत आणणे हे दोन्ही १५०९ ते १५१३ या चारच वर्षांत झाले पाहिजे. महिपतिबोवांनी 'भक्तविजय' लिहिला १७६२ मध्ये, म्हणजे अडीचशे वर्षांनी. ते राजाचे नाव रामराजा देतात. पण रामरायाच्या हाती कारभार आला तो १५४२ नंतर. तोवर भानुदासमहाराज समाधिस्थ होऊन तीस वर्षे झाली होती. मला वाटते, विद्यानगर म्हटले की महाराष्ट्राच्या स्मरणात जो शेवटचा राजा राहिला त्याचेच नाव कथेत आले. संतचरित्रात असे होते. त्याने कथेला बाध येत नाही, फक्त सन लावताना जपावे लागते.

आता दगड काय म्हणतात ते पाहू. मंदिराचा मूळ भाग दुसऱ्या देवरायाच्या काळचा, म्हणजे १४२२ ते १४४६ मधला मानतात. म्हणजे भानुदासमहाराजांच्या जन्माआधीच इथे विठ्ठलाची पूजा होती. पंढरीच्या मूर्तीसाठी म्हणून हे देऊळ बांधलेले नाही. १५१३ मध्ये कृष्णदेवरायाच्या राण्यांनी, तिरुमलादेवी आणि चिन्नादेवी यांनी, गोपुरे बांधली. १५१६ मध्ये राजाने शंभर खांबी मंडप बांधला. १५५४ मध्ये, सदाशिवरायाच्या कारकिर्दीत, एका सरदाराने देवाच्या झोपाळ्यासाठी मंडप बांधला. उत्सवात देवाला झुलवायचे ते इथे.

थोडा विचार करा. देव १५१३ च्या आत कायमचा निघून गेला असता, तर १५१६ मध्ये मंडप कोणासाठी? देवच नाही त्या देवळात १५५४ साली झोपाळा कोणाला? आणि ते नदीकाठचे पुरंदरदास, चिपळ्या वाजवीत म्हातारपणापर्यंत कोणत्या विठ्ठलापुढे नाचत होते?

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. हा गाभारा भानुदासमहाराजांनी रिकामा केलेला नाही. ते गेल्यानंतर पन्नास वर्षे इथे विठ्ठल नांदत होता, त्याला नैवेद्य होत होता, त्याच्या नावाने दाने पडत होती. २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेकाठी रक्कसगी-तंगडगीची लढाई झाली, जिला आपण तालिकोटची लढाई म्हणतो. विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर या चार शाह्या एक झाल्या. रामराया पडला. त्याचा भाऊ तिरुमल खजिना आणि नामधारी राजा घेऊन पेनुकोंड्यास निघून गेला, आणि मागे राहिलेले नगर महिनोन्‌महिने लुटले गेले. गाभारा तेव्हापासून रिकामा आहे. अभ्यासकांनी एक गोष्ट टिपली आहे, की राजघराण्याशी ज्यांचा विशेष संबंध होता त्या विठ्ठल, कृष्ण, नरसिंह अशा वैष्णव स्थानांची मोडतोड अधिक झाली, आणि विरूपाक्ष बराचसा वाचला.

कोणी म्हणेल, "बुवा, तुम्ही तर कथाच मोडलीत." कथा मोडली नाही हो! बाळकृष्णाच्या शिळेवरून आपण पाहिले, की हा राजा देव आणीत असे. पंढरीची मूर्ती नेली असेल, भानुदासमहाराजांनी आपल्या भक्तीने ती परत आणली असेल. पंढरपुरात ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि ती सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. विठ्ठलमंदिराच्या प्रसिद्ध लेखांत बाळकृष्णासारखी स्पष्ट नोंद पंढरीच्या मूर्तीची नाही, हेही तितकेच खरे. ते कीर्तनकाराने माहीत असून लपवू नये. आपण दुरुस्त करायचे ते एवढेच, की त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे राहून "आम्ही नेला" असे हसून म्हणायचे नाही. ती हसण्याची जागा नाही. तिथे कानडी भक्तांचा विठ्ठल होता आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. आपल्या पंढरीवरही असे प्रसंग आले आहेत. बडव्यांनी मूर्ती गावोगाव लपवून ठेवल्याच्या हकीकती आपल्याच परंपरेत आहेत. ज्याच्या घरी असे घडले आहे त्याला शेजारच्या घरचे दुःख कळायला हवे.

मंडळींनी तिथे काय करावे, असे विचाराल तर माझे मत सांगतो. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, टाळमृदंगाचा गजर करायला परवानगी लागते. तो आग्रह धरू नये. गाभाऱ्याशी मनात नाम घ्यावे, प्रदक्षिणा करावी, आणि भानुदासमहाराजांची कथा बाहेर पुरंदरदासांच्या मंडपात बसून सांगावी. जमल्यास बरोबर एखादा कानडी वारकरी न्यावा. विजापूर, बेळगाव भागातून दर वर्षी किती दिंड्या पंढरीला येतात! त्याने पुरंदरदासांचे एखादे पद म्हणावे, आपण नाथांचा अभंग म्हणावा. भाषा कळली नाही तरी शेवटचे नाव दोन्हीकडे एकच येते.

दुपारनंतर तळवारघट्टाच्या बाजूने नदीपलीकडे आनेगुंदीला जावे. हा विजयनगरच्याही आधीचा किल्ला. पूर्वी टोपलीसारख्या गोल होडीतून नदी ओलांडावी लागे, तिला कानडीत हरिगोलु म्हणतात. आता पूल झाला आहे. अंजनाद्रीच्या पायऱ्या पाचशेंहून अधिक आहेत. वर मारुतीचे जन्मस्थान मानतात. उन्हे कलल्यावर चढावे. नदीच्या बेटावर नववृंदावन आहे, तिथे माध्व यतींच्या नऊ समाध्या आहेत, त्यांतली एक व्यासरायांची. त्यांनी देह ठेवला १५३९ मध्ये. तिथे सोवळ्याओवळ्याचे नियम कडक आहेत, ते पाळावेत, वाद घालू नये. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की बेटावरची होडी बंद होते आणि पुरंदरदासांचा मंडपही पाण्यात जातो. म्हणून यात्रा कार्तिक ते माघ या महिन्यांत करावी. पौष अमावास्या ही पुरंदरदासांची पुण्यतिथी. ती साधली तर उत्तम. चैत्र-वैशाखात तिथले खडक इतके तापतात की अनवाणी पाय टेकवत नाही.

परतताना विजापूरच्या रस्त्याने आलात तर आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडावी लागते. तिथून खाली, नदीच्या काठाकाठाने पूर्वेकडे, रक्कसगी आणि तंगडगी ही दोन गावे आजही आहेत. गाडीतल्या मंडळींना एवढे दाखवून ठेवा.